कोयत्याचा भाग

आमच्या मुलखात भांडवलशाहीविरुद्धची फिर्याद प्रथम गुदरली गेली ती तराजूच्या काट्यापाशी. मार्क्सचे नाव ज्याच्या कानावरूनही कधी गेले नव्हते अशा कुणब्याने माघ-फाल्गुनात गुऱ्हाळ उरकावे, गुळाचे रवे गाडीत रचावेत, रात्रभर बैल हाकून कोल्हापुरातल्या शाहूपुरीची पेठ गाठावी, आणि तेथे त्याच्या मालाचे वजन दुसऱ्याने करावे, दर तिसऱ्याने ठरवावा, व हाती पडणाऱ्या पट्टीत अडत, तोलाई, हमाली यांची वजावट होऊन जी रक्कम उरेल तिच्यातूनही गेल्या पावसाळ्यात घेतलेली उचल व्याजासह कापलेली असावी, असा तो रिवाज होता. शाहू छत्रपतींनी १८९५ साली ही पेठ वसविली ती रयतेच्या मालास हक्काचा बाजार मिळावा या उदार हेतूने, आणि त्या पेठेने कोल्हापुरी गुळाचा लौकिक दूरवर नेला हेही निर्विवाद आहे. परंतु पेठ वसविणे राजाच्या हाती असले तरी पेठेतल्या देवघेवीत दुबळ्याचा हात वर ठेवणे हे एकट्या राजाच्या हुकमाने साधत नाही.

त्या उचलीचा पुढे पुन्हा प्रसंग येणार आहे, म्हणून ती येथेच नीट पाहून घेतली पाहिजे. उचल कर्जासारखी दिसते, परंतु कर्ज घेणारा पैसे फेडून मोकळा होतो, आणि उचल घेणारा मात्र आपला माल, व माल नसेल तर आपले अंग, एका विवक्षित दारातच नेण्यास बांधला जातो. दर ठरविण्याचा अधिकार त्या दाराच्या आतच राहतो. युरोपात भांडवलशाहीची मीमांसा गिरणीच्या भोंग्यापासून सुरू झाली. आमच्याकडे ती उचलीपासून सुरू करावी लागते असे माझे मत आहे, कारण पगारी कामगार होण्याच्या कितीतरी आधी आमचा माणूस उचलीचा देणेकरी झालेला होता.

ही गोष्ट कोल्हापूरच्या चळवळीने फार लवकर ओळखली. १९३९ साली जयसिंगपुरास जिची स्थापना झाली त्या प्रजा परिषदेच्या आघाडीवर माधवराव बागल होते. सत्यशोधकाच्या घरात वाढलेला हा माणूस शेतसाऱ्याच्या ओझ्यावर बोलता बोलता समाजवादापर्यंत पोचला तो कोणत्याही विद्यापीठाच्या वाटेने नव्हे. जोतीराव फुल्यांनी सावकार आणि कुलकर्णी यांच्या दप्तरात जे पाहिले होते तेच आता बाजारभाव, व्याज आणि मक्ता यांच्या रूपाने समोर उभे आहे, एवढे ओळखण्यास डोळे उघडे असणे पुरेसे होते. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून फुटून काढलेला शेतकरी कामगार पक्ष पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजत होता. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडीस या पक्षाने जो प्रबंध मान्य केला त्यात मार्क्सवाद-लेनिनवादाचा उघड स्वीकार होता. गोरा साहेब गेला तरी शेतकऱ्याच्या घामाचा भाव ज्या यंत्रणेत ठरतो ती यंत्रणा जागच्या जागी आहे, हे त्या पक्षाच्या म्हणण्याचे मर्म होते. पंधरा वर्षांनंतर, १९६५ साली, घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी नववसाहतवादावर जो ग्रंथ लिहिला त्याचा गाभाही हाच आहे. दाभाडीच्या माळावर जमलेल्या पागोटेवाल्यांचा आणि अक्रा शहरातल्या त्या अध्यक्षाचा एकमेकांशी काही पत्रव्यवहार नव्हता. दोघांच्या रयतेचा अनुभव सारखा होता, म्हणून निष्कर्षही सारखा निघाला.

या फिर्यादीला महाराष्ट्राने दिलेले उत्तर म्हणजे सहकारी साखर कारखाना. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो पहिला उभा केला, आणि त्यानंतर ज्या नदीला बारमाही पाणी राहील तिच्या काठी एकेक धुराडे उभे राहत गेले. त्याच काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली, तिचा विसर पडता कामा नये. १९४८ च्या कुळकायद्याने आणि त्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी कुळाचा मालक झाला. सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव कब्जेदार म्हणून लागले, त्यालाच पुढे कारखान्याचा भाग घेता आला. जमिनीच्या फेरफाराशिवाय सहकाराचा फेरफार झालाच नसता.

कोल्हापुराहून गारगोटीस जाताना मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे बिद्री लागते. ज्या दोन नद्यांनी हा मुलूख हिरवा केला त्यांचीच नावे धारण केलेला दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना तेथे आहे, आणि पाटगावच्या मौनी महाराजांच्या स्मरणाने त्या वसाहतीस मौनीनगर म्हणतात. कागल, भुदरगड, राधानगरी या तालुक्यांतल्या शेतकऱ्याने ऊस घातला, त्या उसाच्या बिलातून भागाची रक्कम कापून दिली, सरकारने भागभांडवल आणि कर्जाची हमी दिली, आणि ज्या काट्यावर आजा हात जोडून उभा राहिला त्याच जातीच्या काट्याचा नातू मालक झाला. कोल्हापुरी जमिनीत आणि हवेत उसाला साखर अधिक उतरते, बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टनामागे एकशे वीस किलोच्या जवळपास साखर. ती साखर जेव्हा अडत्याच्या वखारीऐवजी स्वतःच्या कारखान्याच्या गोदामात पडू लागली तेव्हा या खोऱ्यातल्या घरांवर कौले चढली, पोरे गारगोटीच्या मौनी विद्यापीठापर्यंत आणि पुढेही शिकली, लेकींची लग्ने सावकाराकडे न जाता झाली. जे हे घडलेले नाकारतात त्यांनी या खोऱ्यातले जुने घर पाहिलेले नसावे. डाव्या चळवळीतल्या ज्यांनी सहकाराला मोठ्या बागाईतदाराचे हत्यार म्हणून एका वाक्यात निकालात काढले त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. आणि त्याच चळवळीतले एन. डी. पाटील १९७८ साली राज्याचे सहकारमंत्री झाले तेव्हा त्यांनी ते खाते भांडवलशाहीशी झुंजण्याचे स्थान म्हणूनच सांभाळले.

परंतु या उत्तरात काय राहून गेले हे कळण्यासाठी थोडा वेळ आफ्रिकेकडे पाहिले तर उपयोग होतो.

घानातील, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधील, कोकोचे शेतकरी १९३७-३८ साली युरोपीय पेढ्यांना माल न विकता घरी बसले. पेढ्यांनी आपसांत करार करून भाव पाडला होता, आणि शेतकऱ्याची उचल दलालाकडे असल्याने त्याला दुसरे दार नव्हते. शाहूपुरीत गुळाची गाडी सोडणाऱ्या माणसाला ही हकीकत समजावून सांगावी लागली नसती. १९४७ साली इंग्रज सरकारने कोको खरेदीचे सरकारी मंडळ स्थापले, आणि दहा वर्षांनी, १९५७ च्या मार्चमध्ये, स्वतंत्र झालेल्या घानाने ते तसेच पुढे चालविले. हेतू असा, की जगाच्या बाजारातली तेजी-मंदी शेतकऱ्याच्या अंगावर थेट कोसळू नये आणि तेजीतला नफा राष्ट्राच्या उभारणीस लागावा. एन्क्रुमांनी त्या पैशाने पुष्कळ केले: तेमा येथे बंदर बांधले, व्होल्टा नदीवर आकोसोंबोचे धरण बांधले. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधणाऱ्या राजाच्या प्रजेला त्या स्वप्नाची थोरवी कळते. तथापि काट्यावरून पेढीवाला उठला आणि तेथे मंडळाचा अधिकारी बसला, एवढाच फरक कोको पिकविणाऱ्याला प्रत्यक्ष दिसला. दर त्याला विचारून ठरत नव्हता, पूर्वीही आणि आताही. १९६५ साली कोकोचा जागतिक भाव कोसळला, खजिना रिता झाला, आणि १९६६ च्या फेब्रुवारीत एन्क्रुमा परदेशी असताना लष्कराने त्यांना पदच्युत केले. ज्या शेतकऱ्यांच्या नावे ती सत्ता चालली होती, तिला वाचविण्यासाठी ते रस्त्यावर आले नाहीत.

टांझानियाचे उदाहरण याहून जिव्हाळ्याचे आहे, कारण तेथे नेता निःसंशय सत्पुरुष होता. ज्युलियस न्येरेरे यांनी ५ फेब्रुवारी १९६७ रोजी आरुशाची घोषणा जाहीर केली, बँका आणि मोठ्या व्यापारी पेढ्या राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या, आणि आपल्या समाजवादास ‘उजामा’ असे स्वाहिली नाव दिले. उजामा म्हणजे एकाच कुटुंबातली माणसे असल्याचा भाव. मराठीत त्या कल्पनेच्या सर्वांत जवळचा शब्द भाऊबंदकी हा आहे, आणि तो आपल्याकडे बांधाच्या भांडणासाठी वापरला जातो, हे पाहून मला अनेकदा खेद वाटतो. आपल्या भाषेनेच नोंद करून ठेवली आहे की मालकी आली की रक्ताचे नाते कोठे जाते. आरुशाच्या घोषणेत दोन गोष्टी अशा आहेत की ज्या महाराष्ट्राच्या सहकाराने वाचावयास हव्या होत्या. पहिली ही, की पक्षाच्या आणि शासनाच्या पुढाऱ्याने कंपनीचे भाग बाळगू नयेत, संचालकपद घेऊ नये, दोन पगार घेऊ नयेत, भाड्याने देण्यासाठी घरे ठेवू नयेत. आमच्याकडे असा निर्बंध कधी रुजला नाही, आणि एकाच घरात कारखाना, बँक, दूधसंघ व आमदारकी या चारही गाद्या नांदू लागल्या तेव्हा त्यात काही विपरीत आहे असे आम्हाला वाटेनासे झाले. दुसरी गोष्ट अशी, की खेड्यातली बाई पुरुषाहून किती अधिक राबते हे त्या दस्तऐवजाने स्पष्ट शब्दांत कबूल केले. राज्याच्या धोरणाच्या कागदात ही कबुली देणारे पुढारी जगात थोडे.

आणि तरीही तो प्रयोग खचला. घायपाताचा भाव पडत गेला आणि बाहेरून घ्यावयाच्या यंत्राचा चढत गेला, हे एक कारण. पण मला दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते. आरंभी लोकांनी स्वेच्छेने एकत्र यावे असे म्हणणाऱ्या शासनाने १९७३ नंतर हुकमाने लक्षावधी कुटुंबे नव्या वसाहतींत हलविली, आणि १९७६ साली शेतकऱ्यांचे स्वतःचे सहकारी संघच बरखास्त करून त्यांची कामे सरकारी प्राधिकरणांकडे दिली. ज्याच्यासाठी समाजवाद आणावयाचा त्याच्या हातचा काटा काढून घेऊन समाजवाद आणण्याचा तो प्रयत्न होता. न्येरेरे १९८५ साली पायउतार झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी तह केला.

या दोन्ही देशांत व्यापाऱ्याच्या जागी राज्य आले. आमच्याकडे व्यापाऱ्याच्या जागी सभासद आला, आणि या बाबतीत आमचे पाऊल त्यांच्याहून पुढे पडले असे मी अभिमानाने म्हणेन. प्रश्न एवढाच राहतो, की सभासद कोण?

पौषातल्या एका सकाळी वेदगंगेच्या काठच्या एका शेताशी मी उभा होतो. थळात दहिवर होते. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडची एक टोळी तोडीला लागली होती. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढविलेली एक बाई उसाच्या बुडख्यापाशी वाकून कोयत्याचा एकच घाव घाली, डाव्या हाताने पाला सोलून शेंडा उडवी, आणि वाढ्याच्याच पिळाने मोळी बांधून बाजूस टाकी. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. गाडीच्या जुवाला बांधलेल्या झोळीत वर्ष-सव्वा वर्षाचे मूल निजले होते. दुपारी गाडी कारखान्यावर जाऊन रिकामी परतल्यावर तिने माझ्यापुढे एक कागद धरला आणि विचारले, “दादा, किती भरलं, बघा बरं.” वजनाची पावती होती ती. ऊस कोणत्या कारखान्याला गेला हे गौण आहे, कारण पावतीचा नमुना थोड्याफार फरकाने सर्वत्र तोच असतो. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव होते, गाव होते, उसाची जात होती, गाडीचा क्रमांक होता, तोडणीच्या रकान्यात टोळी आणणाऱ्या मुकादमाचे नाव होते, आणि खाली वजन: दोन टन एकशे ऐंशी किलो. मी ते वाचून दाखविले. तिने कागद घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. आत आधीच्या पंधरा-वीस पावत्या होत्या. ज्या दोन टनांतला प्रत्येक ऊस तिच्या हातून गेला होता त्याच्या कागदावर तिचे नाव कोठेच नव्हते.

तोडणीच्या हिशेबात तिला स्वतंत्र अस्तित्वही नसते. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, उचल नवऱ्याच्या नावे पडते, आणि ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही असते. फेडण्याआधी हंगाम संपला तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे पुढच्या दसऱ्यानंतर त्याच मुकादमाच्या गाडीत बसणे ओघाने आले. एका दिवसाचा खाडा झाला तर त्याची कपात. बाईच्या दर महिन्याच्या चार दिवसांचाही खाडाच. २०१९ साली विधिमंडळाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची जी पाहणी आली तिच्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यापुढे मला पुष्कळ वेळ काही लिहिता आले नव्हते.

आता शाहूपुरीतली ती पट्टी आठवावी. उचल, व्याज, कपात, दुसऱ्याच्या हातचा काटा आणि तिसऱ्याच्या तोंडचा दर: ज्या दस्तऐवजाविरुद्ध कोल्हापूरच्या शेतकऱ्याने फिर्याद केली, तोच दस्तऐवज नावे बदलून बीडकडच्या बालाघाटच्या डोंगरातल्या बिनपाण्याच्या माणसावर लिहिला गेला, आणि या खेपेस लिहिणाऱ्यांच्या रांगेत तो जुना फिर्यादीही उभा आहे. हे कोणा एका कारखान्याचे वा कोणा एका अध्यक्षाचे पाप नव्हे. संचालकांचा उद्धटपणा गेला आणि सर्व काटे चोख झाले तरी ही रचना जशीच्या तशी उभी राहील. भांडवलशाहीला शेटजीची पगडीच लागते असे आमच्या चळवळीने गृहीत धरले, ही तिची चूक. एकाचे श्रम भागात धरले जातात आणि दुसऱ्याचे श्रम टनाच्या दरात चुकते होतात, एवढी वाटणी जेथे कायम झाली तेथे मालकाच्या खुर्चीत कोणीही बसला तरी ती पद्धत आपले काम करीत राहते.

याला एक प्रबळ आक्षेप आहे आणि तो याच भागातून उठला. बिद्रीपासून फार लांब नसलेल्या निपाणीस १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडविला, आणि एप्रिलमध्ये त्यांच्यावर झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. जोशींचे म्हणणे असे, की शेतकऱ्याचा खरा शोषक सरकार आहे. सरकारला स्वस्तात द्यावी लागणारी लेव्हीची साखर, ऊस ठरावीक कारखान्यालाच घालण्याची झोनबंदी, निर्यातबंदी यांनी त्याचा भाव पाडला जातो, आणि त्या बेड्या तुटल्या की शेतकऱ्याच्या घरात पैसा येईल व त्यातून मजुरालाही रास्त मजुरी मिळेल. पहिल्या भागात पुष्कळ सत्य आहे. घानाच्या मंडळाची हकीकत त्याचीच साक्ष देते, आणि लेव्ही २०१३ साली गेली तेव्हा ती जाण्यासारखीच होती. दुसरा भाग मात्र अनुभवाला उतरलेला नाही. उसाच्या किमान दराला, म्हणजे एफआरपीला, कायद्याचा आधार आहे, ती थकली तर साखर जप्त करण्याचा अधिकार आयुक्ताला आहे, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर मागण्यासाठी हजारोंनी शेतकरी जमतात, आणि जमावे. तोडणीचा दर मात्र काही वर्षांनी एकदा साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्या करारात, प्रसंगी पुढाऱ्यांच्या लवादाने ठरतो, आणि तो मिळाला नाही म्हणून कोणाची साखर जप्त झाल्याचे मी ऐकलेले नाही. वरच्याच्या ताटात अधिक वाढले म्हणून खालच्याच्या ताटात आपोआप पडत नाही. त्याला पंगतीत पाट मांडावा लागतो.

निपाणीच्याच विडी कामगार बायांनी हे त्या दिवसांत करून दाखविले होते. तंबाखूच्या वखारीत धुळीत बसणाऱ्या, ज्यांत देवदासीही होत्या, अशा बायांनी युनियन उभी केली आणि आपली नावे मजुरीच्या वहीत लावून घेतली.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती मी समाजवादी म्हणून करतो. जो कोयता लागोपाठ ठरावीक हंगाम एका कारखान्याचा ऊस तोडील त्यास त्या कारखान्याचा भाग मिळावा. नवऱ्याचा एक आणि बायकोचा एक, असे दोन. शेतकऱ्याच्या भागाची रक्कम जशी उसाच्या बिलातून हप्त्याहप्त्याने कापली गेली, तशी ह्यांचीही हप्त्याहप्त्याने भरली जावी, मात्र तोडणीच्या मजुरीतून नव्हे तर कारखान्याच्या नफ्यातून, कारण मजुरीत आता कापण्यासारखे काही उरलेले नाही. उचल मुकादमाच्या हातून न जाता कारखान्याच्या खात्यातून, बिनव्याजी, दोघांच्या नावे जावी. वजनाच्या पावतीत तोडणाऱ्याच्या नावाचा रकाना असावा. ऊसतोड मजुरांच्या कल्याणासाठी स्थापलेल्या महामंडळाचे काम थांबावे असे मी म्हणत नाही, परंतु कल्याण ही वरून खाली येणारी गोष्ट आहे आणि भाग ही बरोबरीने बसण्याची.

यावर जाणकार सभासद लगेच अडचण दाखवितील, आणि ती खरी आहे. सहकारी कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. त्या दिवसांत आमच्याकडे पाऊस असतो, रोपे-लागणीची कामे उरकलेली असतात, सभासद मोकळा असतो. तोडकरी मात्र त्या वेळी तीनशे किलोमीटरवर आपल्या कोरडवाहू रानात बाजरी काढीत असतो आणि दसरा-दिवाळीनंतरच इकडे येतो. त्याला भागधारक केले आणि सभा भाद्रपदातच ठेवली, तर भाग देऊन मत काढून घेतल्यासारखे होईल. म्हणून वर्षातली एक सभा तरी माघात, गळीत ऐन भरात असताना, तोडकऱ्यांच्या कोप्यांच्या माळावर, दिवसाची तोड संपल्यावर घ्यावी लागेल, आणि अहवाल छापून वाटण्याऐवजी तो मोठ्याने वाचून दाखवावा लागेल, कारण समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांना अक्षर येत नसेल. उतारा किती, साखर किती, विकली कितीला, आणि त्या दोन टन एकशे ऐंशी किलोंचे पुढे काय झाले.